कच्चा

मुलाकतीच्या खिडकीवर हवालदाराने विचारलं,
कच्चा की पक्का?
मी म्हटलं, यल्लप्पा.
यल्लप्पा हणमंत धोत्रे, वडारवाडी.
तो म्हणाला, नाव नाही विचारलं बाई.

आता मीच आधी सांगते, कच्चा.
म्हणजे ज्याचा निकाल लागायचाय.
दोन वर्षं चार महिने.
वाघोलीच्या साइटवरची तांब्याची वायर,
पंचनाम्यात अकरा किलो, चार्जशीटमध्ये सतरा.
चोरलीस का, असं मी त्याला कधीच विचारलं नाही.
काचेपलीकडे, हातात फोन, मागे रांग,
तिथे विचारायचा प्रश्न नाही तो.
मी विचारते, जेवलास का.
तो विचारतो, तारीख कधी.

पक्क्यांना कपडे मिळतात, काम मिळतं,
बेकरीत, सुतारकीत, वर थोडा रोज.
यल्लूच्या अंगावर अजून तोच शर्ट,
चुलतभावाच्या लग्नाला घेतलेला,
कॉलरला हळद.
मी नवा नेला तर खिशाला चेन आहे म्हणून परत.

मागल्या खेपेला म्हणाला,
अक्का, पक्क्यांचं बरंय.
त्यांना शेवटाकडून मोजता येतं.
उरले इतके. उरले इतके.
मी सुरुवातीपासून मोजतो,
आणि ती तर रोज लांब जाते.

येरवड्यातच नवव्या मजल्यावर मी पोळ्या लाटते.
किचनच्या खिडकीतून ती भिंत दिसते,
आतल्या एका चिंचेचा शेंडा.
मॅडम म्हणतात, व्ह्यू तेवढा चांगला नाही मिळाला आम्हाला.
सव्वाचारला लोहगावचं विमान उतरतं,
ओट्यावरच्या वाट्या वाजतात.
यल्लू सांगतो, तेच आमचं घड्याळ.
तेव्हा मी लाटणं थांबवते,
आवाज भिंतीपलीकडे जाईपर्यंत.
तेवढ्यात एखादी पोळी करपते.

जामीन तर झालाय त्याचा.
हे सांगितलं की लोक पेढे मागतात.
पंधरा हजार, आणि एक जामीनदार.
तो मात्र पक्का हवा,
ज्याच्या नावावर काही आहे असा.
वडारवाडीत ज्याचं नाव जिथे आहे
ती किराणावाल्याची वही.
आज्याने निम्म्या शिवाजीनगरचा पाया फोडून दिला,
त्यातलं कागदावर काही उतरलं नाही.
मॅडमना विचारलं. म्हणाल्या, बघते, ह्यांच्याशी बोलते.
दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या कपाटाला कुलूप.
तिसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं नाही,
पोळ्या मोजून ठेवल्या, बारा.

सोमवारी कोर्टात तो पडद्यावर आला.
पोलीस पार्टी मिळाली नाही, म्हणून व्हीसी.
मी त्याला बघत होते, तो मला नाही.
काहीतरी बोलायला तोंड उघडलं
आणि चित्र तिथेच अडकलं.
वर पंखा फिरतोय, क्लार्क लिहितोय,
कुणाचा तरी वकील डब्याचं झाकण उघडतोय,
आणि यल्लूचं तोंड उघडं.
अ असावा. अक्कातला,
किंवा नुसताच.
पुढची तारीख पडली तेव्हाही उघडंच होतं.

लहानपणी लपाछपीत घेत नव्हते त्याला,
फार बारका, हरला की रडायचा.
मीच भांडून घेतला, कच्चा लिंबू म्हणून.
कच्च्या लिंबावर राज्य येत नाही.
सापडला तरी सापडला नाही असं धरायचं.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तो आपला श्वास धरून
नळाजवळच्या पिंपामागे बसायचा,
कुणी शोधत नाही ते आपण छान लपलो म्हणून, असं समजून.

एकदा दिवे लागले, खेळ मोडला.
सगळे घरी गेले. मीही गेले.
हात धुऊन ताटावर बसले, पहिला घास घेतला,
आणि आई म्हणाली,
यल्लू कुठंय?